हात चालवा, डोकं नको!

रॉकेलचा वास आला की अजून माझं डोकं भडकतं. एकोणीसशे पन्नास सालानंतर कल्याणच्या एका छापखान्यात आम्ही शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो आणि रॉकेलनं पुसायचो. एकदा फोरमननं लिहून दिलेल्या लग्नपत्रिकेत वराच्या जागी चक्क वधूच्या मामांचं नाव! माझ्या शेजारी खिळे जुळवणारे गोपाळराव त्याला म्हणाले, "साहेब, जरा तपासता का?"

"तुम्ही हात चालवा, डोकं नको!" फोरमन खेकसला.

पत्रिका छापल्या. मामा छत्री उगारत आले, तेव्हा हाच महापुरुष कपाळ बडवून ओरडला, "गोपाळरावांनी मला सांगायला नको?"

मालकांनी मला विचारलं, "तू शेजारीच होतास. सांगितलं होतं त्यांनी?"

"फोरमनसाहेब म्हणतात तेच खरं."

गोपाळरावांना त्याच दिवशी काढलं. आणि मी, आज्ञाधारक माणूस, वर्षभरात फोरमन झालो!