खंडेनवमीचं सिलिंडर

गॅसचा नंबर लागला तेव्हा मी इतकी दमलेली होते की आनंदसुद्धा सुट्टीच्या दिवसावर ढकलला. पिंपरीला एका औषधाच्या कंपनीत मी पॅकिंगला होते, पहिली शिफ्ट. घर निगडीला, दोन खोल्यांचं. नवऱ्याची शिफ्ट सारखी बदलायची, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखाच. दिवसभर घरी एकट्या सासूबाई. मावळातल्या, सगळा जन्म चुलीपुढे गेलेला. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे.

गॅस जोडायला आलेल्या माणसाने नीट समजावलं. सिलिंडर उभंच ठेवायचं. शेगडी ओट्यावर. खिडकी उघडी. काम झालं की सिलिंडरची वरची चावी बंद करायची, नुसती शेगडीची नाही. नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावून बघायचं, बुडबुडे आले तर गळतंय. काडी ओढून बघायचं नाही.

"आणि आजी, वास आला की दारं-खिडक्या उघडायच्या. कळलं?"

"व्हय, कळलं की," आत्याबाई म्हणाल्या.

कळलं कसलं, कपाळ! चहा झाला की त्या शेगडी बंद करायच्या आणि वरची चावी तशीच उघडी. विचारलं तर म्हणायच्या, "रोज रोज पिरगाळून झिजंल ती." मी कामावरून आले की चपला काढायच्या आधी ती चावी बघायची. सुट्टीच्या दिवशी नळीला फेस लावायची. कंपनीत पट्ट्यावरून बाटल्या सरकत असायच्या आणि माझं चित्त घरच्या ओट्याखाली. अगदी जीव नकोसा व्हायचा. एकदा म्हटलं, मी नसताना गॅस पेटवू नका. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "मग मी या घरात करू तरी काय? भिताडाकडं बघत बसू?"

 

संध्याकाळी मी आमटी टाकली की त्या उंबऱ्याशी बसायच्या आणि म्हणायच्या, "काय वास सुटलाय गं! तुज्या हाताला चव हाय." खोटं कशाला बोलू, दिवसभरात तेवढं एकच वाक्य माझ्या वाट्याला गोड यायचं. त्यावर मी दुसरा दिवस ढकलायची.

मग खंडेनवमी आली. कंपनीत मशिनला हार, हळदकुंकू, सगळ्यांना पेढे आणि लवकर सुट्टी. हे सगळं मी घरी आदल्या रात्रीच कौतुकाने सांगितलेलं. पेढा पदरात बांधून दार ढकललं आणि गॅसचा वास भस्सकन अंगावर आला.

स्वयंपाकघरात सिलिंडर ओट्याखालून ओढून मधोमध आणलेलं. त्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. पुढे तेलवात घातलेली पणती. आणि आत्याबाई काड्यापेटी घेऊन बसलेल्या.

"आलीस? तुजीच वाट बघत हुते. आता लावते दिवा," म्हणाल्या आणि काडी काढली.

"आत्याबाई!" मी किंचाळले. हातातली पेटी हिसकावून दाराबाहेर भिरकावली. वरची चावी उघडीच होती, ती बंद केली, खिडकी उघडली आणि त्यांना दंडाला धरून ओढत बाहेर आणलं. सिलिंडर ओढताना नळी शेगडीपासून अर्धी निसटली होती.

"घरभर वास सुटलाय आणि तुम्ही दिवा लावताय? नाक आहे की नाही?"

शेजारपाजारचे जमले होते. सगळे पांगल्यावर आत्याबाई हळूच म्हणाल्या, "न्हाई येत गं मला वास."

"म्हणजे?"

"तू या घरात यायच्या आधीपास्नं. धुरानं नाक गेलं. त्या माणसापुढं सांगितलं असतं, तर गॅस माज्या हातात दिला असता का कुणी?"

शेजारच्या फिटरने नळी नीट बसवली, क्लिप आवळून दिली. मी साबणाचा फेस केला, तर आत्याबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली. "बुडबुडं दिसत्यात मला. डोळं शाबूत हायेत." वाकून प्रत्येक जोडाला फेस लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. बुडबुडा आला नाही.

मग मी आमटी टाकली. फोडणी चरचरली. त्या नेहमीसारख्या उंबऱ्याशी बसल्या, पण काही बोलल्या नाहीत. मी ढवळत होते, ते वाक्य यायची वाट बघत होते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांना कधीच, एकाही संध्याकाळी, माझ्या आमटीचा वास आलेला नव्हता.

मी मागे न बघताच विचारलं, "आत्याबाई, कसा सुटलाय वास?"

"झकास," त्या म्हणाल्या.