लतिकाताईंचा मुका कॉम्प्युटर

हिंदी मुलखातल्या अधारतालच्या घरात जुना कॉम्प्युटर आला तेव्हा शेवंताच्या मनाला ते काही पटलं नव्हतं. लतिका तिची नणंद, वयाने मोठी. लहानपणीच्या तापात तिची नजर गेली ती गेलीच. तरी ती शिकली, सरकारी ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर झाली आणि नुसत्या खाकरण्यावरून साहेब ओळखू लागली. पण ज्याला दिसत नाही त्याने टीव्हीएवढा डबा घरात आणून काय करायचं? पुसायचा तर शेवंतानेच.

"वहिनी, तो बोलते," लतिका समजावायची. "मी बटण दाबलं का अक्षर सांगते. मंग चिठ्ठी लिहायला मला कोणाच्या हातापाया पडायचं काम नाही."

शेवंताने फडकं उचलून डबा पुसायला घेतला. लतिकाच्या चिठ्ठ्या आजवर तीच लिहीत आली होती.

विंडोजवरचा बोलणारा प्रोग्राम फार महाग. म्हणून त्याच शहरात सदरला राहणाऱ्या मैत्रिणीने, ज्योतीने, लतिकाला लिनक्सची फुकटची सीडी दिली. ज्योतीलाही दिसत नसे, आणि तिच्याकडे हीच सीडी घडाघडा बोलायची. इथे मात्र शेवंताच्या नवऱ्याच्या, रत्नाकरच्या, कारखान्यातल्या दोस्ताने ती कॉम्प्युटरवर चढवून दिली तरी डबा मुकाच. त्याने स्पीकरच्या वायरी काढल्या, लावल्या. "दीदी, साउंड कार्ड का ड्रायव्हर नहीं उठा रहा," आवाजाचं कार्ड चालवणारा प्रोग्रामच लागत नाही असं म्हणाला आणि गेला तो परत फिरकलाच नाही.

पंचाईत अशी, की आवाज सुरू करायचा तर स्क्रीन वाचायला हवी, आणि लतिकाला स्क्रीन वाचून दाखवायची तर आधी आवाज हवा.

रविवारी दुपारी लतिकाने नागपूरला श्रीरंगला फोन लावला. तोही दृष्टिहीन, अशा अडलेल्या लोकांना फोनवरून मदत करायचा.

"ताई, डोळस कोणी आहे का बाजूला?"

लतिकाने मान वळवली. "वहिनी, बसते का जरा?"

"मले कुठं इंग्रजी येते, ताई? आठवीत सोडली शाळा."

"अक्षरं येते ना? तेवढीच सांग."

शेवंता पदराला हात पुसून, चष्मा लावून वेताच्या मोड्यावर बसली. लतिकाने रिसीव्हर खांद्यात दाबून धरला. श्रीरंग सांगेल ते ती टाइप करी, शेवंता एकेक अक्षर वाची, लतिका त्यांचा शब्द जुळवून फोनवर सांगे.

"एन... ओ. मंग जागा सोडली. एस, ओ, यू..."

"नो साउंडकार्ड्स फाउंड," लतिका पुटपुटली. "कार्डच सापडून नाही राहिलं त्याला."

श्रीरंगने दुसरी कमांड दिली आणि स्क्रीन ओळींनी भरून गेली. त्यातली 'ऑडिओ' असलेली ओळ शोधायची होती. शेवंता वरून अक्षरं लावत निघाली, मधेच ओळ चुकली, पुन्हा वर गेली.

"ए-यू कुठंच नाही."

"असंल! नीट पाय ना! एवढं साधं काम..." लतिका खेकसली.

शेवंता उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळू लागली. ऑफिसात हुकूम चालत असेल, घरात कशाला? डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला.

मागून भिंत चाचपत लतिका आली. "वहिनी, रागावू नको. मी तुह्यावर नाही चिडली. समोर लिहून आहे आन् मले दिसत नाही, त्याच्यावर चिडली."

शेवंताने नळ बंद केला. एवढ्या वर्षांत लतिका आपल्या न दिसण्याविषयी असं कधी बोलली नव्हती.

"चला," शेवंता म्हणाली. "फोन चालू असंल ना तो?"

या वेळी ती प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचू लागली. ऑडिओ सापडला, त्याच्या पुढे नंबर होता. नंबर ऐकताच श्रीरंगने ड्रायव्हरचं नाव सांगितलं, लतिकाने तो चढवला. पुन्हा तपासलं तर कार्ड सापडलं होतं. लतिकाने टाळी वाजवली. पण स्पीकर तसाच मुका.

"आता आवाजाचा मिक्सर उघडा," श्रीरंग म्हणाला. "उभे पट्टे दिसतात का विचारा. त्यांच्या खाली काय आहे?"

"एम, एम," शेवंताने वाचलं. "सगळ्यायच्याच खाली एम, एम."

फोनवर श्रीरंग हसला. "म्यूट! कार्ड जागं झालं, पण तोंड बांधून बसलं. एम दाबा."

लतिकाने एम दाबला. एमच्या जागी हिरवी शून्यं आली. बाण दाबत पट्टा वर चढवला, पुढच्या पट्ट्याचंही तेच केलं. मग तिने बोलणारा प्रोग्राम सुरू केला, आणि स्पीकरमधून एकदम नाकातला, खरखरीत इंग्रजी आवाज फुटला. शेवंता दचकून मोड्यावरून उठलीच.

"अगं माय! हा तर सर्दी झाल्यावानी बोलून राहिला!"

लतिका हसता हसता रडू लागली. फोन अजून कानाशीच होता. ती जरा सावरल्यावर पलीकडून श्रीरंगने सेटिंग जपून ठेवायची कमांड सांगितली, नाहीतर पुन्हा चालू करताना पट्टे मुके होतील म्हणाला.

त्यानंतर लतिका संध्याकाळी ऑफिसातून आली की डब्यापुढे बसायची. चिठ्ठ्या आता ती स्वतःच लिही. शेवंताला सुरुवातीला हात रिकामे झाल्यासारखं वाटलं. मग कधीतरी भाजी चढवून तीही शेजारी बसू लागली. एकेक अक्षर दाबून नाकातल्या आवाजात ऐकू लागली, त्यांचे शब्द लावू लागली.

काही महिन्यांनी ज्योतीने कॉम्प्युटर बदलला आणि तिच्या डब्याचाही आवाज गेला. तिचा फोन आला तो लतिकाला, पण रिसीव्हर शेवंताकडे द्यायला लावून तिने विचारलं, "भाभी, आप आ जाएँगी क्या?"

दोघी ऑटोने सदरला गेल्या. वाटेत शेवंताने पर्समध्ये चष्मा आहे ना, ते दोनदा पाहिलं.