दीड लिटरची शाळा

शाळेच्या नळमावशींना गळक्या तोटीचा आवाज तीन खोल्यांपलीकडून ऐकू येई. नवरा एकदा चिडून म्हणाला होता, "माझ्या घोरण्याने तुझी झोप मोडत नाही आणि शाळेचा नळ मात्र घरी बसून ऐकतेस!" मावशी म्हणाल्या, "नळाला वायसर बसवता येतं. तुम्हांला कुठे बसवू?"

एकतीस वर्षं त्या पहाटे सव्वासहाला फाटक उघडत आल्या. पाणी यायचं ते तासभर. तेवढ्यात खालची टाकी भरायची, पिण्याच्या नळांच्या तोट्या घासायच्या, फाटकाजवळचा मीटर वाचून आकडा पाटीवर लिहायचा. मुलं त्यांना वचकून असत, कारण नळ उघडा टाकून पळणाऱ्याचा कान त्यांच्या हातात हमखास सापडे. निवृत्तीला सात महिने उरले होते. आता कुणाशी वाकडं घ्यायचं नाही, असं त्यांनी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घरच्यांनी माना डोलावल्या होत्या. विश्वास कुणाचाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूचा पंप बंद पडला. त्या पंपावर मुलींच्या स्वच्छतागृहाची टाकी भरत असे. पंप जळला असं सगळे म्हणाले, म्हणून तो जळलाच. आठवड्याभरात स्वच्छतागृहात पाऊल ठेववेना. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "मावशी, कुलूप घाला. वरून मंजुरी आली की दुरुस्ती करू." मावशींनी कुलूप घातलं. मंजुरी आली नाही. मुलगे भिंतीमागे जात. मुली कुठे जात? कुठेच नाही. एकशे चाळीस मुली सकाळी घरून निघताना पाणी पीत नसत, शाळेत पीत नसत, घरी गेल्यावर दप्तर दारातच टाकून आत धावत. कार्यालयाशेजारी शिक्षकांचं एक स्वच्छतागृह होतं, त्याला स्वतंत्र छोटी टाकी होती, पण दारावर पाटी होती : फक्त कर्मचाऱ्यांसाठी.

तशात नववीच्या वर्गाला तो प्रकल्प मिळाला. समुद्रापलीकडच्या दोन देशांतल्या दोन शाळा आणि ही तिसरी. विषय शाश्वत विकास. तिन्ही शाळांनी महिनाभर आपापलं पाणी मोजायचं, एका विद्यार्थ्यामागे रोज किती लागतं ते काढायचं आणि एकमेकांना संगणकावरून कळवायचं. काम विज्ञानाच्या बाईंकडे आलं. बाई तरुण, हुशार, आणि नोकरी वर्षावर्षाच्या करारावर, त्यामुळे हुशारी जपून वापरणाऱ्या.

मीटर वाचायला नववीतली एक चष्मेवाली रोज मावशींकडे येऊ लागली. मध्ये ती आठ दिवस आलीच नाही. आली तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"काय गं, कुठे उलथली होतीस?"

"ताप होता. लघवीला जळजळ. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पितेस, भरपूर पी."

"मग पी की!"

"पिईन हो मावशी. मग जाऊ कुठे?"

मावशी वळून मीटरची काच पुसू लागल्या.

महिना संपला, आकडे आले. एका शाळेचे एकोणीस लिटर, दुसरीचे चोवीस. यांचे दीड. मुख्याध्यापक हातात कागद फडकवत वर्गावर आले. "दीड लिटर! जगाला धडा घालून दिला आपण!" टाळ्या झाल्या. फलक रंगवायला टाकला : 'थेंबथेंब वाचवणारी शाळा'. सगळ्यांत कमी पाणी वापरणाऱ्या शाळेला मानपत्र मिळणार होतं, आणि तिच्या सवयी बाकीच्या दोन शाळा उचलणार होत्या. मुलांना पाच चांगल्या सवयी लिहायला सांगितल्या. मुलग्यांनी धडाधड लिहिल्या. मुली एकमेकींकडे बघत बसल्या.

मग पलीकडच्या एका मुलीचं पत्र आलं. चष्मेवालीने ते मीटरपाशी उभं राहून मावशींना वाचून दाखवलं. "आमच्याकडे एकदा बाथरूमला गेलं की सहा लिटर जातात. तुमचे दिवसाचे दीडच. मी गणित तीनदा केलं, जमत नाही. तुम्ही बाथरूमचं पाणी मोजायला विसरलात का?"

"मग? काय कळवलंत?"

"सरांनी सांगितलं, तो प्रश्न सोडून द्या. लिहा की काटकसर आमच्या रक्तातच आहे."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षांत इथल्या एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी नाही, पालकसभेने नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांनी स्वतः नाही. रोज त्या दारावरून जात होत्या, कुलूप हलवून घट्ट आहे ना ते बघत होत्या! आणि विचारलं कुणी, तर हजारो मैलांवरच्या एका पोरीने, गणित जुळेना म्हणून.

त्या तडक कार्यालयात गेल्या. "सर, मुलींचं स्वच्छतागृह कधी उघडायचं?"

"मावशी, आत्ता? आत्ता मानपत्र येतंय!"

"म्हणून तर विचारते. मानपत्र आलं की मग उघडाल कशाला? पोरी पाणी पीत नाहीत, आजारी पडतात, त्याचं मानपत्र?"

"तक्त्यात तसा रकाना नाहीये." मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. "सात महिने राहिलेत ना तुमचे? सुखाने घालवा."

बस्स. एवढंच बोलायला नको होतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्याबरोबर मावशी एकेका वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. "मुलींनो, आज सगळ्यांनी दोन-दोन पेले पाणी प्यायचं. माझ्यासमोर."

"आणि मग, मावशी?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. वर्ग हसला.

"मग मी आहे."

मधली सुट्टी झाली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाचं दार सताड उघडं होतं आणि मावशी दाराला पाठ लावून उभ्या होत्या. रांग कार्यालयासमोरून, सूचनाफलकावरून, जिना उतरून थेट पटांगणात गेली. बारक्या मुली एका पायावर नाचत होत्या. मोठ्यांना आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग कुठली लाज नि कुठलं काय. विज्ञानाच्या बाई आल्या आणि रांगेतल्या लहान मुलींना पुढे सोडू लागल्या.

मुख्याध्यापक बाहेर आले. "हा काय तमाशा? पाणी किती जातंय! आपला आकडा बिघडेल!"

"बिघडू दे."

"मी लेखी खुलासा मागेन तुमच्याकडे!"

"मागा. सगळा लिहून देते, पंपापासून. पण आता जरा बाजूला व्हा सर, पोरींना घाई आहे."

रांगेत खसखस पिकली. सर बाजूला झाले. होणार काय, मागून रेटा होता.

दुपारी दोनला छोटी टाकी कोरडी पडली. अडीचला मुख्याध्यापक आत गेले, नळ सोडला, तसेच बाहेर आले आणि लांब ढांगा टाकत समोरच्या दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी तेच. मधल्या सुट्टीत रांग, दोनला टाकी रिकामी, अडीचला सर दवाखान्यात. संध्याकाळी त्यांनी स्वतः पंपवाल्याला फोन लावला. मंजुरीचं नाव कुणी काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंपवाला आला. झाकण उघडलं, आत बघितलं आणि म्हणाला, "कोण म्हणालं जळला? कपॅसिटर गेलाय नुसता." त्याने पिशवीतून नवा काढला, बसवला, गंज साफ केला, बटण दाबलं. पंप घरघरला आणि वरच्या टाकीत पाणी पडू लागलं.

"किती वेळ लागला रे?" मावशींनी विचारलं.

"चाळीस मिनिटं. चहा धरून."

मावशींना आनंद झाला नाही. त्या तिथेच पायरीवर बसल्या, आणि असा काही संताप आला की डोळ्यांतून पाणी आलं. दोन वर्षं! एकशे चाळीस पोरी! चाळीस मिनिटं, तीही चहा धरून! एका माणसाला दोन दुपारी रस्ता ओलांडून जावं लागलं तेव्हा ती सापडली. "मेल्यांनो," त्या म्हणाल्या. पंपवाल्याला वाटलं आपल्यालाच. तो पिशवी उचलून निघाला.

खुलाशाचं पत्र त्यांना दुपारी मिळालं. ते घडी घालून त्यांनी कमरेला खोचलं आणि झाडू, फिनेल, बादली घेऊन मागे गेल्या. दोन वर्षांची घाण होती. पाठ भरून आली तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

शाळा सुटताना चष्मेवाली वही घेऊन आली. "मावशी, त्या मुलीला उत्तर लिहितेय. बाई म्हणाल्या, खरं काय ते लिही, त्या पाठवतील. मानपत्र जाईल मात्र. आता आपला आकडा बारापर्यंत जाईल."

"जाऊ दे खड्ड्यात. लिही. तुझं गणित बरोबर होतं म्हणावं."

"लिहिलं. पुढे?"

"पोरी पाणी पीत नव्हत्या ते लिही. तू आजारी पडलीस ते लिही. चाळीस मिनिटं लिही."

मुलीची पेन्सिल अडली. तिने खालीच बघत विचारलं, "आणि कुलपाचं? ते... सरांनी लावलं असं लिहू?"

मावशींनी बादली खाली ठेवली. "सांगितलं सरांनी. लावलं मी. दोन्ही लिही, आणि मला वाचून दाखव."