लाल नाला आणि माझं मीठ

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरातले रंगारी. कला बाकीच्यांना मिळाली, मला शेड मिळाली. शाळेनं मला लवकरच सोडलं. घरी सांगताना मी तिला सोडलं असं सांगितलं.

शेड शहराबाहेर, होसकोटेजवळ. साड्या रंगवायच्या आणि लाल पाणी नाल्यात सोडायचं. तक्रार गेली, प्रदूषण मंडळाचे साहेब आले. "सोमवारी येतो. नाल्यात रंग दिसला तर कुलूप!"

मी घरी फोन लावला. धावून आली भाची. ती कॉलेजात पाणी साफ करायचं शिकते. तिनं डबा उघडला, आत पांढऱ्याशुभ्र इडल्या! हलक्या, जाळीदार. मी एक तोंडाकडे नेलीच.

"मामा! ती खायची नाही, ती रंग खाते!"

कोळंबीच्या टरफलांचा स्पंज होता तो. रंग आत ओढून धरतो, आणि काम झालं की मातीत कुजून जातो म्हणे.

पिंपात इडल्या भरल्या. वरून लाल पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून साफ यायचं. भाची ग्लास आणायला गेली, आणि मला राहवेना. कापड रंग धरत नसलं की आम्ही मीठ घालतो. म्हटलं, बिचाऱ्या इडल्यांनाही जरा मदत करू.

तोटी उघडली. लालभडक!

भाचीचा चेहरा उतरला. "कॉलेजात तर सगळा रंग गेला होता... मामा, पाण्यात काही घातलंस?"

"स्वल्प मीठ."

तिनं कोपऱ्यातलं रिकामं पोतं बघितलं. "हे स्वल्प? अरे, कापडावर मीठ रंग बसवतं. इथे तेच मध्ये घुसून रंगाला बसू देत नाही!"

नव्या इडल्या, नवं पाणी. मला दाराबाहेर उभं केलं. तिथूनच मान लांब करून बघतोय तर तोटीतून पाणी आलं, आणि आई शप्पथ, नुसतं पाणी! मी ग्लास हिसकावला.

"पिऊ नकोस! फक्त रंग गेलाय!"

मग नाल्याच्या तोंडाशी पिंपांची रांगच लावली. सोमवारी साहेब नाल्यावर वाकले आणि भडकलेच. "काम बंद ठेवून फसवतोस काय?"

मी त्यांना हात धरून आत ओढलं. भट्टीवर लाल रंग रटरटत होता. साहेबांनी तो बघितला, तोटी बघितली, तपासायला बाटली भरून घेतली. "सरी, ठीक आहे. चालू दे."

आनंदात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, आणि पाय धरले ते भाचीचे.

"मामा, ऊठ!" ती ओरडली.

म्हटलं, राहू दे, बरोबरच धरलेत.