नाव भारी पडलं म्हने

माह्या पोराचं नाव याह्या. सातव्या दिवशी अकिका झाला, डोकं भादरलं, तवाच हे नाव ठेवलं. मीच सांगतलं होतं, मतलब ठाऊक नव्हता, कानाले बरं लागलं म्हनून. मंग त्याले ताप येऊ लागला, उतरे अन् परत चढे, तं सासू म्हने, "दुल्हन, नाम भारी पड गया. नबी का नाम है, इत्तासा बच्चा कैसे उठाएगा? मुन्ना बोलो." आमच्यात असंच करतात, लेकरू बिमार राह्यलं का नाव काढून हलकं ठेवतात. घरात याह्या कोनी म्हनेना.

मले दोन्हीकडून भेव. नाव ठेवलं तं पोरगं जाईन, काढलं तं बी जाईन का काय.

आर्णीले घरापुढंच आमच्या यायचं, याह्याच्या अब्बाचं, गाड्या दुरुस्तीचं दुकान हाये. मौलवीसाब गाडी घेऊन आले, तं मी दारातूनच इचारलं.

ते म्हने, "अरबी नाव हाये, बेटी. हयात म्हनतो ना आपन, जिंदगी, त्याच घरातलं. याह्या म्हंजे जो जगते तो. ह्या नावाचे पैगंबर होते, त्यायचा बाप बुढा, मायले लेकरू होत नव्हतं, तरी ते झाले. नाव बी अल्लानंच देल्लं. त्यायच्या आधी असं नाव कोनाचंच नव्हतं."

"पन भारी हाये का?"

"आता नाव तोलाले काटा कुठून आनू? ताप हाये तं डॉक्टरले दाखव."

मंग सासू अन् मी ऑटोनं दवाखान्यात गेलो. पोरगं सासूच्या मांडीवर, छाती नुसती खालीवर करून राह्यलं होतं. सिस्टरनं नाव इचारलं. सासू म्हने, "मुन्ना."

मले माहा पयला पोरगा आठवला. तो अकिक्याच्या आधीच गेलता, त्याले नावच नव्हतं. त्याच्यावर कायचं वजन होतं?

मी म्हनली, "याह्या लिहा."

सासूनं माह्याकडं पाह्यलं. मी खालीच पाह्यलं. बऱ्याच येळानं नंबर आला. सिस्टरनं आतून आवाज देल्ला, "याह्या कोन हाये?"

मी उठाच्या आधी सासूच उठली, त्याले खांद्याशी धरून. "हां, ये है," म्हने, अन् आत गेली.