उलट्या काट्यांचं कुंपण

करोनात देवळाला कुलूप लागलं तेव्हा मी डगमगलो. सरकारनं माणसांना घरात बसवलं, ते समजण्यासारखं होतं. पण मारुतीरायालाही आत बसवलं, तर हाक मारायची कोणाला? शनिवारी गजांबाहेर उभा राहून मी त्याला विचारलंही, "आता तूच अडकला, तर मले काय सोडवशीन?"

त्या दिवसांची आठवण आली की आजही हुरहूर लागते. भीती तर होतीच. पण कारंज्याची एसटी बंद, रस्ता इतका गप्प की दुपारी बाभळीवरचे होले घुमताना ऐकू यायचे. एकाच्या वावरातली वांगी चार घरी जायची, आणि ओसरीवरून ओसरीवर गप्पा रंगायच्या. टाळेबंदी सरकारची, गावबंदी आमची. इंझोरीजवळच्या आमच्या गावाच्या रस्त्यावर काट्या, म्हणजे बाभळीच्या काटेरी फांद्या, लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. कुंपणाच्या काट्यांचे बुडखे, तोडलेली जाड टोकं, आत ठेवायचे, म्हणजे मालकाला ओढता येतात, आणि काटे बाहेर. आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. मी मात्र नाल्यावरून गाडीभर बाभळी आणल्या, बाहेरच्याच बाजूनं उतरवल्या, तिथूनच रचल्या, तारेनं आवळल्या आणि ऐटीत वावरातून घरी आलो. म्हणजे बुडखे बाहेर, काटे गावाकडे! शेतकरी म्हणवून घेणाऱ्यानं हा पराक्रम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारा माझाच होता. ऊसतोडीहून पायी निघालेलं एक जोडपं कुंपणापाशी आलं. मानोऱ्याकडच्या तांड्यावर जायचं होतं त्यांना. मी लांबूनच ओरडलो, "इकून जाता येत नाही, वावरातून जा!" बाईच्या पायांना फोड आले होते. माणसानं नुसती मान हलवली. मी कर्तव्य केल्याच्या समाधानात जेवायला घरी आलो.

आणि दुपारी आमच्या लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली होती. दिवस भरायला अजून वेळ होता, गावात दाई उरली नव्हती. शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून आम्ही कुंपणापाशी आलो, तर आतून हात घालायला जागा नाही. कुऱ्हाड मारावी तर फांदी नुसती झुले. वावरातून वळसा घालून पलीकडे जावं, हे घाबरून कोणालाच सुचलं नाही. माझे हात रक्तानं भरले. बायको गाडीतून म्हणाली, "अहो, जिंदगीभर वावर केलं ना तुमी? हे कोनं लावलं?" मागं लेक कण्हत होती. तेव्हा मी हात टेकले, आणि मनातल्या मनात म्हणालो, देवा, माझ्याच्यानं होत नाही, आता तूच पाहा.

पलीकडून आवाज आला, "काका, सरका मांगं."

निंबाखाली तेच जोडपं बसलेलं होतं. बाईच्यानं चालवेना, म्हणून गेलंच नव्हतं. त्या माणसानं कोयत्याच्या मुठीनं तार पिळून काढली आणि एकेक बुडखा धरून बाभळी भराभर बाजूला ओढल्या. त्याची बायको न विचारता पिकअपमध्ये चढली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. "भेऊ नको माय, मी हाओ," एवढंच ती म्हणत राहिली. कारंज्याच्या दवाखान्यात पोचलो, आणि थोड्याच वेळात नात झाली.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर त्यांना जेवू घालताना मी त्याला विचारलं, "सकाळीच काहून नाही काढल्या काट्या?"

"दिसलं होतं मले, बुडखे इकडेच हायेत," तो हसून म्हणाला. "पण तुमी नाही म्हणलं ना काका. तुमचं गाव हाय."

पहाटे ते निघून गेले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही. माझी हुशारी, माझा पहारा, माझा हुकूम, यातलं काहीच त्या दिवशी कामी आलं नाही. कामी आलं ते माझं चुकणं, आणि त्यांचं माझं न ऐकणं. तेव्हापासून मी देवाला वाट सांगायचं सोडलं आहे.

आता नात शाळेत जाते. शनिवारी मारुतीला नारळ फोडला की अर्धी वाटी मी त्या निंबाखाली ठेवतो. परवा तिनं विचारलं, "आबा, इथं तं देव नाही, मंग कायले ठेवता?"

म्हटलं, "बसला होता माय इथं. मी जा म्हणलं, तरी गेला नाही."