नकोशीची तोंडी परीक्षा

सणसरच्या जोतीरामतात्यांना तिसरीही मुलगीच झाली, म्हणून तिचं नाव ठेवलं नकोशी. असं नाव ठेवलं की पाठीवर मुलगा होतो म्हणे. झालाही; पण मग हिचं नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही.

नर्सिंग करून ती बारामतीत आमच्या दवाखान्यात माझ्या जोडीला लागली. जर्मनीत नर्सेस हव्यात असं कळलं आणि आम्ही दोघींनी जर्मनचा क्लास लावला. मी आपली हौसेनं जात होते. तिला मात्र जर्मनीला जायचंच होतं.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी एकेकाला उठवून आपल्या नावाचा अर्थ जर्मनमध्ये सांगायला लावला. नकोशीची पाळी आली तेव्हा बाई चपापल्या, पण तोवर ती उभी राहिली होती. वर्ग तिच्याकडे बघत होता. तिची वाचाच बसली. तेव्हापासून लिहिण्यात पहिली असणारी ही पोरगी बोलायला उठली की अडायची. बाई म्हणायच्या, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" मला असा राग यायचा. आडात भरपूर होतं, पोहराच वर येत नव्हता.

मग मीच तिला डबा खाताना, एसटीची वाट बघताना जर्मनमधून बोलायला लावलं. पेशंट, ऊस, म्हशी, काहीही. तिची जीभ सुटली. बोलता बोलता हसायलाही लागली.

परीक्षेला पुण्याला गेलो तेव्हा तिची आई मुक्ताबाई सोबत आली. आत आम्हाला जोडीनं बसवलं. नकोशी माझ्यापेक्षा छान बोलत होती. शेवटी परीक्षकांनी सहज विचारलं, "तू गेल्यावर घरी तुझी आठवण कुणाला येईल?"

प्रश्न सोपा होता. आईला, एवढं म्हटलं तरी चाललं असतं. तेवढंही तिच्या तोंडून निघेना. डोळे भरून आले आणि पुढचं तिला ऐकूच गेलं नाही. शेजारी बसून मला काही करता येईना.

बाहेर मुक्ताबाई भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. "झालीस का गं पास?"

"न्हाय व्हायची, आये. बोलताच आलं न्हाय."

मुक्ताबाईंनी पदरानं डोळे टिपले. "बरं झालं, बाई. तू जानार म्हनून मला घास ग्वाड लागंना. तुझं मन मोडंल म्हनून बोलले न्हाय."

नकोशीनं भाकरीचा तुकडा मोडून आईच्या हातात दिला.

"सकाळी सांगायचं व्हतंस, आये," ती म्हणाली.